वादळानंतरचा दहावा दिवस

(किनारपट्टीच्या तालुक्यांच्या जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भाताच्या भावावर बोलणे झाले, विजेच्या बिलांवर झाले. आता मी डासांवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटले, ते मला ऐकू आले. हसायला हरकत नाही. पण आधी एक हकिगत ऐका आणि मग हसू येते का ते बघा.

अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियाना नावाचे राज्य आहे. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात समुद्राकाठी सपाट, पाणथळ प्रदेश आहे. तिथला शेतकरी भात पिकवतो आणि गुरे पाळतो. भात काढला की पड जमिनीत गुरे चरायला सोडायची ही तिथली जुनी रीत. म्हणजे आपल्या खलाटीसारखाच मुलूख, फक्त खाचर मोठे आणि माणसे थोडी. २७ ऑगस्ट २०२० रोजी तिथे लॉरा नावाचे चक्रीवादळ धडकले. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटर. काही ठिकाणी समुद्राचे पाणी पंधरा फुटांहून वर चढले. घरे गेली, तारा तुटल्या, झाडे आडवी झाली. वादळ गेले, लोक बाहेर आले, त्यांनी गुरे मोजली. बरीचशी जगली होती. शेतकऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि मग आठ-दहा दिवसांनी गुरे मरायला लागली.

ना पाण्यात बुडून, ना विजेच्या तारेने. डासांनी. डासांचे ढगच्या ढग गुरांवर बसले. जनावर एका जागी उभे राहीना. सप्टेंबरच्या उन्हात, दमट हवेत ते दिवसरात्र फेऱ्या घालत राहिले, शेपूट आपटत राहिले, थकून खाली बसले आणि उठले नाही. कातडीखाली रक्त साकळलेले, अंगातले रक्त कमी झालेले. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांचा अंदाज असा की पाच पॅरिश, म्हणजे आपल्या भाषेत पाच छोटे जिल्हे, मिळून तीनशे ते चारशे गुरे अशी गेली. हरणे पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या कळपातली तीसेक हरणे मेली.

आता हसायचे असेल तर हसा.

कॉलेजात मला कीटकशास्त्र होते. खोडकिडा, तुडतुडे, बोंडअळी, मावा सगळे पाठ केले. डासाचा धडा नव्हता. डास म्हणजे आरोग्य खात्याचा विषय. आरोग्य खात्याला विचारले तर ते माणसांचे बघणार, गोठ्याचे नाही. पशुसंवर्धन खाते जनावराचा ताप बघणार, डास नाही. आणि महसूल खाते पंचनामा करणार तो पडलेल्या झाडाचा आणि उडालेल्या पत्र्याचा. डास कुणाच्याच दप्तरात नाही. म्हणून तो आपल्या दप्तरात घ्यावा असे मला वाटते.

वादळ डास मारते

पहिली गोष्ट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांची चूक होते. वादळ आले की डास वाढतात असे आपण म्हणतो. खरे उलटे आहे. वादळ डास मारते.

अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन म्हणतात, चीन-जपानकडे टायफून म्हणतात, त्यालाच आपण चक्रीवादळ म्हणतो. जनावर एकच, नावे तीन. त्याचा वारा ताशी शे-दोनशे किलोमीटर. डासाचा उडण्याचा वेग ताशी दोन-तीन किलोमीटर, म्हणजे आपल्या चालण्यापेक्षाही कमी. त्या वाऱ्यात उडता डास टिकत नाही. डबक्यातल्या, गटारातल्या अळ्याही लोंढ्याबरोबर वाहून जातात. वादळानंतरचे पहिले तीन-चार दिवस बघा, डास जवळजवळ नसतात. लोक म्हणतात, चला, एवढे तरी बरे झाले.

तिथेच फसगत होते. उडणारा डास मेला, अळी वाहून गेली, पण अंडी जमिनीत आहेत.

जमिनीतले बी

हे समजायला तुम्हाला पुस्तक नको, तुम्हाला तण माहीत आहे. उन्हाळ्यात रान नांगरून स्वच्छ करा, एक काडी दिसत नाही. पहिला पाऊस पडू द्या, आठ दिवसांत सगळे रान हिरवे. ते बी कुठून आले? कुठूनच आले नाही, तिथेच होते. मागच्या वर्षीचे, त्याच्या मागच्या वर्षीचे. ओल मिळायची वाट बघत होते.

डासांच्या काही जाती नेमके हेच करतात. आपण समजतो की डास पाण्यात अंडी घालतो. सगळे घालत नाहीत. पुराच्या पाण्यावर वाढणाऱ्या जातीची मादी ओलसर जमिनीवर अंडी घालते: खाचराच्या चिखलात, बांधाच्या कडेला, गुरांच्या खुरांच्या खड्ड्यांत, खाजणाच्या कडेच्या गवतात. एका वेळी पन्नास ते दोनशे. मग जमीन सुकते. अंडे मरत नाही. महिनोन् महिने, काही जातींत वर्षानुवर्षे ते तसेच पडून राहते. एक मादी आज घालेल, दुसरी पुढच्या महिन्यात घालेल, साठा वाढत जातो. नेहमीच्या पावसात सखल भाग तेवढा भिजतो आणि त्यातली अंडी फुटतात. पण चक्रीवादळ येते तेव्हा वर्षानुवर्षे न भिजलेली जमीनही एकदम पाण्याखाली जाते. जो साठा थोडा थोडा फुटायचा तो एका दिवशी फुटतो. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला पाच-सहा दिवस पुरतात, थोडे गार असेल तर आठ-दहा.

लुइझियानातल्या डासाला तिथले लोक भातखाचराचा डासच म्हणतात. भाताला पाणी द्या, काढा, पुन्हा द्या, की प्रत्येक पाळीला त्याची एक पिढी निघते. म्हणजे साठा शेतकऱ्याच्याच रानात होता, वादळाने फक्त पाणी दिले. तिथे हे पहिल्यांदा घडले असेही नाही. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स भागात १९३२ साली डासांनी गुरे मारल्याची नोंद आहे. टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८० च्या ऑगस्टमध्ये ॲलन नावाचे वादळ आले, त्यानंतर खाऱ्या दलदलीतल्या डासांनी गुरे मारली. लुइझियानात २००२ च्या लिली आणि २००५ च्या रिटा वादळानंतरही असेच झाले होते.

कुणी म्हणेल, डासाने रक्त पिऊन पिऊन किती पिणार? हिशेब करू. एक डास एका वेळी दोन-तीन मिलिग्रॅम रक्त पितो. एक लिटर रक्त जायला तीन-चार लाख डास जेवले पाहिजेत. मोठ्या गाईच्या अंगात पंचवीस-तीस लिटर रक्त असते. म्हणजे नुसत्या रक्तानेच गाय मारायची तर लाखो डास आणि अनेक दिवस हवेत. ढगासारखे थवे असतील तर तेही होते. पण जनावर त्याच्या आधीच दमते. चारा खात नाही, रवंथ करत नाही, बसत नाही. दूध आटते, गाभण गाय खंगते, वासरू पहिले जाते. मेलेले जनावर मोजता येते. आटलेले दूध कोण मोजतो?

दुसरी लाट

पुरावर वाढणारा हा डास चावरा खरा, पण माणसाला रोग देण्यात तो पुढे नसतो. रोग देणारे डास मागाहून येतात. ते साचलेल्या पाण्यावर अंडी घालतात आणि त्यांना जम बसवायला वेळ लागतो. साधारण दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत त्यांचा काळ. तोपर्यंत वर्तमानपत्रांतून वादळाची बातमी गेलेली असते, पुढारी येऊन गेलेले असतात, मदतीचे ट्रक परतलेले असतात.

पाणी कोणते, हेही बघायला शिका. पूर आहे, पाणी वाहते आहे, ओढ्याला जोडलेले आहे, तोवर त्यात मासे फिरतात, अळ्या खातात. पाणी ओसरते आणि डबकी सुटी सुटी होतात, तेव्हा मासे नसलेले डबके म्हणजे डासाला आयते खाचर. पाणी चढते तेव्हा आपण घाबरतो. डासांच्या बाबतीत पाणी उतरते तेव्हा घाबरायचे.

भिंत गेली की ताप येतो

पण नुसते डास वाढले म्हणजे साथ येतेच असे नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने फ्लोरिडा आणि लुइझियानाला झोडपले. डास भरपूर झाले, छप्पर उडालेल्या घरांतल्या लोकांना झोप मिळेना. सरकारने डास मोजले, पाखरांचे रक्त तपासले, फवारणी केली. डासांच्या रोगाची साथ आली नाही.

आता हैतीकडे बघा. कॅरिबियन समुद्रातला गरीब देश. ऑक्टोबर १९६३ च्या सुरुवातीला फ्लोरा नावाचे वादळ तिथे आले. त्या सुमारास तिथे हिवतापाविरुद्ध मोहीम चालू होती. घरोघर भिंतींवर डीडीटी मारायचे, डास चावून भिंतीवर टेकला की मरायचा. वादळाने घरेच पाडली. जी उभी राहिली त्यांच्या भिंतींवरचे औषध पावसाने धुतले. लोक झावळ्यांच्या आडोशाला राहू लागले. डासाला टेकायला भिंत नाही आणि माणसाला झाकायला भिंत नाही. पुढच्या सहा महिन्यांत हिवतापाचे सुमारे ७५ हजार रुग्ण झाले, तेही घातक हिवतापाचे.

हे गरीब देशातच होते असेही समजू नका. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. डासांमुळे होणारा वेस्ट नाईल नावाचा मेंदूचा ताप तिथे आधीपासून होता. वादळाचा फटका बसलेल्या भागात पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, त्याच्या गंभीर रुग्णांचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. घरांना खिडक्या नाहीत, जाळ्या नाहीत, माणसे दिवसभर उघड्यावर राबून घर पुन्हा उभे करताहेत. श्रीमंतांच्या बंगल्यांचे पोहण्याचे तलाव टाकून दिलेले, त्यांत हिरवे पाणी आणि अळ्या. शेवटी शहराच्या डास नियंत्रण विभागाने त्या तलावांत अळ्या खाणारे गंबुसिया मासे सोडले. आपली ग्रामपंचायत गप्पी मासे सोडते ना, तसाच उपाय. अमेरिकेलाही शेवटी माशाकडे जावे लागले.

अँड्र्यू, फ्लोरा आणि कॅटरिना एकमेकांशेजारी ठेवून बघा. डास तिन्हीकडे होते. साथ आली ती छप्पर महिनोन् महिने परत आले नाही तिथे, जिथे चालू असलेले काम मोडले तिथे. म्हणून मी म्हणतो, उडालेल्या छपराची भरपाई सहा महिने लांबवणे हा नुसता पैशाचा उशीर नसतो. तो उशीर तापाचे रूप घेऊन घरात येतो.

फवारणीचे विमान

मग उपाय काय? कुणीही पटकन म्हणेल, विमानाने फवारा. अमेरिकेत तेच करतात. कॅटरिनानंतर आणि २०१७ च्या हार्वे वादळानंतर त्यांच्या हवाई दलाच्या विमानांनी लाखो एकरांवर कीटकनाशक फवारले. लुइझियानातही फवारणी झाली आणि डास झपाट्याने उतरले. गुरे वाचली. फवारणीला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण फवारणी कधी आणि कोणाला विचारून, हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे.

ऑगस्ट २०१६ मध्ये साउथ कॅरोलिना राज्यातल्या डॉर्चेस्टर काउंटीत झिका तापाच्या भीतीने विमानातून नॅलेड हे औषध फवारले. वादळ नव्हते, पण औषध आणि पद्धत हीच. फवारले सकाळी, मधमाश्या पोळ्याबाहेर पडल्यावर. लाखो मधमाश्या मेल्या. एका मधपाळाच्या दारात मेलेल्या माश्यांचे ढीग पडले. हेच औषध पहाटे उजेडापूर्वी किंवा संध्याकाळी माश्या परतल्यावर फवारले असते, आदल्या दिवशी मधपाळांना नीट निरोप पोचला असता, तर पोळी झाकता आली असती. कागदावर फवारणी यशस्वी ठरली. नुकसान ज्याचे झाले तो त्या बैठकीत नव्हता.

दुसरा रस्ता अळीच मारायचा. कापूसवाल्यांना बीटी हे नाव सांगायला नको. त्याच जिवाणूचा एक भाऊबंद १९७६ साली इस्रायलच्या वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. तो डासांच्या अळीला मारतो. मधमाशीला, माशाला, गुरांना त्याचा त्रास नाही. पण ते औषध पाण्यात अळी असतानाच चालते. डास उडाला की त्याचा उपयोग शून्य. म्हणजे वादळानंतरचे पहिले चार-पाच दिवस. तेव्हाच रस्ते बंद असतात आणि खाते अजून पंचनाम्याचे फॉर्म छापत असते. जो माणूस त्या दिवशी त्या डबक्याजवळ असतो तो एकच, शेतकरी.

आपल्याकडे

आता आपल्या घरचे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या वाड्या कशा झोपल्या ते तुम्ही पाहिले, सोसलेत. इथे डासांनी रक्त पिऊन गाय मारली असे मी म्हणणार नाही. तो भातखाचराचा डास अमेरिकेतला आहे, आपला नाही. पण ओलीवर अंडी घालून वाट बघणारे डास आपल्याकडेही आहेत. तिवा, म्हणजे जनावरांचा तीन दिवसांचा ताप, डास आणि बारीक चिलटे पसरवतात. २०२२ साली लम्पीने महाराष्ट्रभर जनावरे आडवी केली, तीही चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्याच पाठीवर बसून आली. आणि घरावर ओढलेली ताडपत्री आठवा. तिच्या प्रत्येक खळग्यात पाणी. डेंग्यूच्या डासाला यापेक्षा चांगली जागा कुठली?

निसर्गनंतर मी वाड्यांतून फिरत होतो. एका घरी आजी म्हणाल्या, "दादा, सायबांनी माड मोजले, पोफळी मोजल्या, कौले मोजली. म्हस बसलीय ती कोण मोजील?" म्हैस वादळात जगली होती. नंतर तापाने बसली होती, दूध गेले होते. माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपत्तीत दुभते जनावर दगावले तर मदत मिळते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत गाईम्हशीला ३७,५०० रुपये ठरले. तेवढ्यात चांगली म्हैस येत नाही, तो भाग वेगळा. पण जनावर आपत्तीत दगावले हे सिद्ध करावे लागते. वादळाच्या दिवशी झाडाखाली सापडले तर सिद्ध करणे सोपे. दहाव्या दिवशी गोठ्यात मेले तर? कागद म्हणेल आजाराने मेले. लुइझियानातली गुरेही दहाव्या दिवशीच मेली, पण त्यांना मारले वादळानेच हे तिथे कुणाला पटवावे लागले नाही, कारण कृषी विद्यापीठाच्या विस्तार केंद्राची माणसे आणि जनावरांचे डॉक्टर शेतावर होते, त्यांनी मेलेली जनावरे पाहिली आणि जाहीर सांगितले. आपल्याकडे शेतकऱ्याचा शब्द पुरावा ठरत नाही. म्हणून कागद आपणच तयार करायचा.

काय करायचे

वादळ थांबवणे आपल्या हातात नाही. त्यानंतरचे दहा दिवस आहेत. प्रत्येक गावच्या शाखेने एवढे करावे.

पाणी उतरायला लागले की पहिल्या तीन दिवसांत गावातली सुटी डबकी बघून घ्या. ज्याला ओढ्याकडे चर काढता येतो त्याला काढा. जे निघत नाही त्यात गप्पी मासे सोडा. त्यासाठी एखाद्या विहिरीत मासे आधीपासून वाढवून ठेवा, वादळानंतर शोधू नका. वाकलेली ताडपत्री ताणून बांधा, फुटक्या टाक्या, टायर, करवंट्या पालथ्या करा.

पाचव्या दिवसापासून गोठ्यात संध्याकाळी धूर. शक्य असेल त्याने जाळी. जनावराच्या अंगावर लावायचे औषध डॉक्टरला विचारून, मात्रेत. पिकावरचे औषध गुरांवर मारायचे नाही, डासाआधी जनावर जाईल.

गावात फवारणी होणार असेल तर वेळ आदल्या दिवशी फळ्यावर लिहून मागा. मधमाश्या पाळणाऱ्यांची नावे शाखेकडे असू द्या.

आणि वही ठेवा. वादळाच्या दिवसापासून साठ दिवस. कोणाचे जनावर कधी बसले, दूध किती उतरले, कोणाच्या घरी ताप आला, तारीख घालून. दगावलेल्या जनावराचा डॉक्टरकडून दाखला घेतल्याशिवाय पुरू नका. आपली मागणी साधी आहे: पंचनामा एकदा नको, दोनदा हवा. एक वादळ सरल्यावर लगेच आणि दुसरा साठाव्या दिवशी. ती मागणी घेऊन तहसीलला जाऊ तेव्हा हातात घोषणा नसली तरी चालेल, वही पाहिजे. दहा गावांच्या दहा वह्या टेबलावर ठेवल्या की साहेबाला मान वर करावी लागते.

वादळाची मोजणी सरकार एका दिवसाची करते. वादळ आपल्या गोठ्यात आणि घरात साठ दिवस मुक्कामाला असते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपली वही कोण ठेवणार त्याचे नाव लिहून आणावे. आणि माझी सूचना अशी की ते नाव घरातल्या बाईचे असावे, कारण दूध किती उतरले आणि ताप कुणाला आला, हे घरात सगळ्यात आधी तिलाच कळते.